ओळीनं सगळी घरं

सुखदाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, म्हणून मला माहीत. अलार्म एकदाच वाजतो. मग चहाचं भांडं, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. उजाडेपर्यंत ती लिहिते. त्यानंतर डबा भरते, सायकल काढते आणि अधारतालच्या मेन रोडनं कामावर जाते.

जबलपूरचे सलवार-सूट देशभर विकले जातात. ते शिवणाऱ्या एका कारखान्यात सुखदा ओव्हरलॉक मशीनवर बसते. कापडाच्या कडा बांधायचं काम. मजुरी पीसवर. धागा तुटला, सुई मोडली, वेळ तुमचा गेला. मी फॅक्टरीत लेथवर उमेदीची सगळी वर्षं काढली आहेत. कोण काम करतो आणि कोण कामाचं सोंग करतो, हे मला माणसाच्या पाठीवरून कळतं. सुखदा काम करते.

पहाटे ती लिहिते तो पीएचडीचा प्रबंध. विषय टोनही. टोनही म्हणजे या भागातली चेटकीण. आपल्या हडळीत आणि टोनहीत एक फरक आहे. हडळ मेलेली असते. टोनही जिवंत असते. ती गावातलीच कोणीतरी बाई असते, तिला घर असतं, नातेवाईक असतात, तिला रोज पाणी भरायला लागतं. म्हणून ते प्रकरण जास्त वाईट. टोनहीबद्दलच्या समजुती, तिच्या गोष्टी, शेताचे देव, नदीच्या कथा, हे सगळं सुखदा गोळा करत होती.

समोरचे विष्णुपंत रोज गेटपाशी उभे असतात.

“काय सुखदा, चेटकिणीचा कोर्स कुठवर आला?”

“थिअरी झाली काका. प्रॅक्टिकलला माणूस शोधून राहिले. तुम्ही मोकळे आहात ना?”

विष्णुपंतांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

सुखदाची आई वसुधावहिनी मात्र घाबरत होत्या. एक दिवस त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, “बापू, कुंडमच्या पुढे जंगलातलं गाव आहे म्हणते. एकटीनं काहून जावं? तुम्ही तर रिकामेच बसून राहता.”

रिकामे हा शब्द मला लागला. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर बसमध्ये बसलो. नंतर सवयच झाली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. कुंडमला बस सोडायची, जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं, शेवटचा रस्ता पायी. मातीची घरं, कौलं, मधोमध कडुलिंब आणि त्याच्याखाली हँडपंप. गावात एकच पंप. सगळं गाव दिवसातून दोनदा तिथून जातं, आणि गावात काय चाललं आहे ते तिथंच कळतं.

पहिल्या दिवशी सरपंचाच्या अंगणात माणसं जमली. सुखदा उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “मैं टोनही की कहानियाँ सुनने आई हूँ. कौन है, ये मैं किसी से नहीं पूछूँगी.”

हा शब्द तिनं पाळला. तो प्रश्न तिच्या तोंडून कधीच आला नाही. तिला शिकवलेलंच तसं होतं, आणि तिलाही ते पटलेलं होतं.

माणसं तंबाखू मळत बसली. शेवटी कोणीतरी म्हणालं, गोष्टी ऐकायच्या तर फगनीकडे जा.

फगनीबाई गोंड, विधवा, उंच, तंबाखूनं दात काळे. मुलगी शहापुऱ्याकडे दिलेली. घरात एकटी. तिची बोली मला तशीच्या तशी लिहिता येणार नाही. अर्थ मराठीत देतो.

“शहरातल्या गोष्टी संपल्या का गं? आमच्याकडे मागायला आलीस?”

“शहरातल्या बेचव आहेत काकी.”

“मग बस. मीठ आमच्याकडेच आहे.”

फगनी सांगायला लागली की अंगणात कोंबड्या सोडून कोणी हलत नसे. नर्मदेची आणि शोणभद्राची कथा इथं सगळ्यांना ठाऊक आहे. नर्मदेनं आपली दासी जोहिला हिला शोणाकडे निरोप घेऊन पाठवलं. जोहिला राजकन्येचे कपडे घालून गेली, शोण फसला, नर्मदा रागावून उलट्या दिशेला वाहत गेली. सगळे जोहिलेला नावं ठेवतात. फगनी म्हणायची, “कपडे तिला दिले कोणी? नर्मदेनंच ना? दासीनं नेसले तर दासी वाईट. निरोप नेणाऱ्याच्याच डोक्यावर सगळं फुटतं.”

सुखदा लिहून घ्यायची, मोबाइलवर आवाज भरून घ्यायची, घरी येऊन पहाटे पुन्हा ऐकायची. पुढच्या रविवारी पुन्हा फगनी. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा फगनी. एवढं चांगलं दुसरीकडे कुठे मिळणार? हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मला नुसतं बसवत नाही. मी तिच्या दाराचं सुटलेलं बिजागर बसवलं, मग खाटेची दोरी ताणून बांधली. आम्ही दोघंही तिथं आपल्या घरासारखे झालो.

तिकडच्या श्रावणातल्या, म्हणजे आपल्या आषाढातल्या, अमावास्येला हरेलीचा सण असतो. नांगर-कुदळ धुऊन पुजतात, आणि टोनहीनं आत येऊ नये म्हणून दाराला भेलव्याची डहाळी लावतात. भेलवा म्हणजे आपला बिब्बा. हरेलीनंतरच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा पंपावर बायका होत्या. फगनी हंडा घेऊन आली. बायकांनी अर्धे भरलेले हंडे उचलले आणि बाजूला झाल्या. फगनीनं पाणी भरलं, निघून गेली. मग एकीनं चुलीतली राख आणून पंपाचा दांडा घासून धुतला.

घरोघरी एकेक डहाळी होती, चौकटीच्या आतल्या बाजूला. फगनीच्या दारावर जुडी होती, आणि ती बाहेरून बांधलेली. आतून लावतात ती घराला वाचवायला. बाहेरून लावली म्हणजे त्या घरापासून गावाला वाचवायला.

सुखदा दारातच थांबली. “काकी, कोणी नाव घेतलं तुमचं?”

“कोणी नाही घेतलं. कोणी घेणार पण नाही. बोट तू ठेवलंस.”

“मी?”

“तू गावात येऊन काय म्हणालीस? टोनहीसाठी आले. आणि बसलीस कुठे? दर रविवारी बसलीस कुठे? गावाला डोळे आहेत ना गं. तुझ्यासारखी शिकलेली, शहरातून भाडं खर्चून येते, ती काय उगीच एका घरी येईल? तिला मशीनमध्ये दिसलं असेल म्हणतात.” तिनं मोबाइलकडे बोट केलं. “मग वासरू मेलं. मग सरपंचाच्या नातवाला ताप आला. झालं.”

फॅक्टरीतल्या आमच्या शॉपमध्ये इन्स्पेक्टर ज्या मशीनपाशी पुन्हा पुन्हा उभा राहायचा, ते मशीन बिघडलं आहे असं सगळे धरून चालायचे. इन्स्पेक्टर तिथं गप्पा मारायला थांबत असला तरी. मला हे माहीत होतं. बिजागर बसवताना आठवलं नाही.

“पुतण्या म्हणतो, मुलीकडे जा,” फगनी म्हणाली. “घर त्याला मोकळं हवंच आहे. पण गेले की पळाली म्हणतील. मग मी मेल्यावरसुद्धा टोनहीच. माझ्या नातीची सोयरीक कोण करेल? मी जात नाही. पण पाणी नाही मिळालं तर किती दिवस राहणार? तू आता माझ्या उंबऱ्यावर येऊ नकोस.”

आम्ही चहा न घेता परतलो. पहिल्यांदाच.

बसमध्ये सुखदा वहीची मागची पानं उलटत होती. मला वाटलं रडेल. कुंडम मागे पडल्यावर ती म्हणाली, “बापू, मी काम अर्धवट केलं. चांगलं मिळालं तिथंच खोदत बसले. बाकीची घरं सोडली.”

“आता काय करणार?”

“बाकीची घरं करणार.”

त्याच आठवड्यात ती तिच्या मार्गदर्शक अमिता मॅडमकडे गेली. गावात काय झालं ते सांगायला साक्षीदार हवा म्हणून मलाही नेलं. मॅडम माणूस चांगल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी विचारलं.

“पोलिसांत कळवू या,” त्या म्हणाल्या. “हे गंभीर आहे.”

“जीप कुठे थांबेल मॅडम? फगनीच्याच दारात. मी रविवारी बसायचे, ते रोज येतील. गाव म्हणेल, बघा, सरकारलाही कळलं. कोणी हात लावला तर मी स्वतः जाईन पोलिसांत. पण आज नको.”

“मग जाणं बंद कर. तुझ्याकडे मटेरियल पुरेसं आहे. फगनीचं प्रकरण तर उत्तम झालंय. मुदत संपायच्या आत प्रबंध जमा कर.”

“जाणं बंद केलं तर शेवटचं बोट तिच्यावरच राहील.”

“मग?”

“ओळीनं सगळ्या घरी बसेन. प्रत्येक घरी सारखं. गावच्या मांत्रिकाच्या, गुनियाच्या घरीसुद्धा. सगळीकडे बसले की माझ्या बसण्याला काही अर्थच उरणार नाही.”

“मुदत जाईल. वाढीव वर्ष घ्यावं लागेल. त्याची फी पडते, आणि तुला स्कॉलरशिप नाही.”

“मशीन आहे ना मॅडम.”

“आणि लोकांनी बसू दिलं नाही तर?”

“उभी राहीन.”

अमिता मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “वाढीचा अर्ज आण. सही करते.”

घरी वसुधावहिनींनी ऐकून घेतलं नाही. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

“लोकांच्या पोरी डिग्री घेऊन कॉलेजात लागल्या. तू दुसऱ्याच्या अंगणात बसायला वर्ष घालव! त्या बाईची तू कोण लागतेस?”

“आई, पीस उसवला तर पुन्हा कोण शिवतं?”

“ज्यानं शिवला तो.”

“त्याची मजुरी मिळते?”

वहिनींनी भांडी जोरात आपटली. रविवारी मात्र डब्यात दोघांच्या पोळ्या होत्या.

सुखदानं गावाच्या टोकापासून सुरुवात केली. पहिलं घर, दुसरं घर, एकही सोडायचं नाही. जितका वेळ एका घरी, तितकाच दुसऱ्या. टोनही हा शब्द तिनं बंद केला. पेरणीच्या आधी कोणाला नारळ देता? वाघ दिसला तर काय म्हणता? मूल जन्मलं की काय गाता? असं विचारायची.

पहिल्या घरच्या म्हाताऱ्यानं खाट आत ओढून घेतली. सुखदा अंगणात उभी राहिली. ऊन होतं. मी कडेला सावलीत जाऊन बसलो, ती आली नाही. म्हातारा आतून बघायचा, ती आहेच. शेवटी त्याची म्हातारी वैतागून बाहेर आली, “अगं, उभं राहून पाय सुजतील, बस,” म्हणाली आणि कोल्ह्याची एक गोष्ट सांगितली. गोष्ट साधीच होती. सुखदानं ती फगनीच्या गोष्टीइतक्याच काळजीनं लिहून घेतली.

सगळी घरं अशी नव्हती, पण बरीचशी अशीच होती. एक म्हातारा सांगता सांगता झोपला. ती तो उठेपर्यंत थांबली. एका बाईनं राजा-राणीची लांबलचक कथा सांगितली.

“काकी, हे टीव्हीवरचं आहे.”

“मग? मी पाहिलं म्हणजे माझं नाही?”

सुखदानं तेही लिहिलं.

लग्नसराई आली. कारखान्याचा सेठ म्हणाला, रविवारी ये, डबल देतो. तिनं नाही म्हटलं. त्याची भरपाई म्हणून इतर दिवशी उशिरापर्यंत मशीनवर बसायची. डोळे लाल, बोटांना धाग्याच्या चिरा. पहाटेचा अलार्म तरीही एकदाच वाजायचा.

फगनीच्या घरावरून आम्ही दर वेळी जायचो. सुखदा मान वळवायची नाही. तसं ठरलं होतं. फगनी मात्र अंगणातून मुद्दाम मोठ्यानं ओरडायची, “आज कोणाच्या घरी टोनही निघाली गं?”

आधी कोणी हसत नव्हतं. ज्यांच्या घरी सुखदा बसून गेली होती त्या बायकांना हा टोमणा आता आपल्यालाच लागतो आहे, हे हळूहळू कळायला लागलं. मग एका रविवारी पंपावरची एक पोरगी हसली. तिच्या सासूनं तिला डोळे दाखवले, आणि मग सासूही तोंडाला पदर लावून हसली.

गुनियाचं घर पंपासमोरच आहे. गुनिया म्हणजे झाडफूक करणारा. याचं नाव अघनू. ताप कोणाचा, बाधा कोणाची, हे तोच सांगतो. जुडी कोणी बांधली हे कोणी बोललं नव्हतं, पण एवढ्या नीट गाठी गावात दुसऱ्या कोणाच्या नाहीत. त्याची पाळी आली त्या दिवशी पंपावर गरजेपेक्षा जास्त हंडे होते.

सुखदा अंगणात शिरली. “राम राम बाबा. आज तुमच्याकडे बसायचं आहे.”

अघनू दारात आडवा उभा. “माझ्याकडे कशाला? मी काय टोनही आहे?”

पंपाचा आवाज थांबला.

“बाबा,” सुखदा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, पण ओरडून नाही, “मी ज्याच्या घरी बसते तो टोनही होतो का?”

अघनू मूर्ख नाही. तो हो म्हणाला असता तर सरपंचाचं घर, स्वतःच्या सख्ख्या भावाचं घर, गल्लीतली झाडून सगळी घरं त्यात आली असती. नाही म्हणाला तर फगनी सुटत होती. तो दाढी खाजवत उभा राहिला. लेथवर पातं कामाच्या टोकाशी येतं तेव्हा वाटायचं तसं मला वाटलं. एक केस इकडे-तिकडे झाला की काम वाया.

तेवढ्यात त्याची बायको खाट ओढत बाहेर आली. “सगळ्यांकडे बसून झालं, आमच्याच घरी नाही! पंपावर बाया मला म्हणून राहिल्या, गुनियाच्या बायकोला एक गोष्ट येत नाही वाटतं. बस गं, इथं बस.” आणि नवऱ्याला, “तू सरक. उजेड अडवून राहिलास.”

अघनू सरकला. भिंतीला टेकून बसला. बायकोनं शेतदेवाची गोष्ट सुरू केली. थोड्या वेळानं तो म्हणाला, “असं नाही ते.” मग आणखी थोड्या वेळानं, “तुला काही माहीत नाही, मी सांगतो.” त्याला थांबवायला शेवटची जीप लागली. लांब रस्त्यावरून तिचा हॉर्न ऐकू आला तेव्हा तो सातव्या देवावर होता.

त्यानंतरच्या रविवारी पंपावर फगनी पाणी भरत होती. तिच्यामागे अघनूच्या बायकोनं आपला हंडा ठेवला आणि तिथंच उभी राहून सुनेच्या तक्रारी सांगायला लागली. फगनीचं भरून झालं. दुसरीनं तोच दांडा धरला. राख आणायला कोणी गेलं नाही. पुतण्यानं शहापुऱ्याचं नाव काढणं सोडलं. वाळलेली जुडी फगनीनं स्वतः सोडली आणि चुलीत घालून तिच्यावर चहा केला.

शेवटच्या रविवारी सुखदा तिच्या घरी गेली. ओळीत ते घर शेवटी आलं होतं.

“आलीस? मला वाटलं आता गुनियाची चेली झालीस.”

“तो देव सांगतो काकी, तुमच्यासारखी माणसं सांगत नाही.”

“माणसं त्याला दिसतात कुठे. बस. आज जास्त वेळ नाही मिळायचा, सगळ्यांइतकाच.”

ती तेवढाच वेळ बसली. फगनीनंच उठवलं.

गावाची समजूत गेली असं मी म्हणत नाही. तिथं टोनही आहे, असं आजही सगळे मानतात. ती कोणत्या घरात राहते, हे मात्र आता कोणाला ठरवता येत नाही. सुखदाला एवढंच करायचं होतं, आणि तिनं ते पूर्ण केलं.

प्रबंध या उन्हाळ्यात जमा झाला. त्यात गावाचं नाव नाही, बायकांची नावं नाहीत. झोपलेला म्हातारा आहे, टीव्हीवरचा राजा आहे. सुखदा स्वतः जिथं चुकली, तेही स्वच्छ लिहिलं आहे. विद्यापीठाच्या खिडकीवर मी बरोबर होतो. क्लार्कनं कागद उलटसुलट पाहिले.

“एक साल ऊपर? काम कहाँ अटक गया था?”

“अटका नहीं भैया. बढ़ गया था.”

“बकाया जमा कीजिए, तब फाइल आगे जाएगी.”

सुखदानं पाकीट काढून दिलं. ओव्हरलॉकवर उशिरापर्यंत बसून मिळवलेली ती सगळी मजुरी त्यात होती. तिच्यात साडी आली नाही, नवी सायकल आली नाही. तिच्यात विद्यापीठाच्या एका वाढीव वर्षाची फी आली, पूर्ण.